साखळी कुठली ते आधी छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही जुन्या मापांचं कोष्टक छापलंत, बोट, वीत, हात, गज, वार, काठी, साखळी, फर्लांग, मैल, कोस, आणि प्रत्येकासमोर मीटर-सेंटिमीटर. असली कोष्टकं लोक कापून ठेवतात, भिंतीवर चिकटवतात, मोबाईलवर फोटो काढून फिरवतात, म्हणूनच लिहायला बसलो. त्यात एक ओळ आहे, "१ साखळी = ६६ फूट = २०.१२ मीटर". ही ओळ इंग्लंडात बरोबर आहे. आपल्याकडच्या जमिनीच्या जुन्या कागदाला ती लावली की प्रत्येक लांबी दुप्पट होते आणि क्षेत्र चौपट. आणि आपल्याकडे साखळी हा शब्द आज कुणाला लागतो तर जमिनीच्या कागदासाठीच लागतो, दुसऱ्या कशासाठी नाही.

मी तालुक्याच्या गावी खाजगी मोजणीची आणि नकाशे काढून द्यायची कामं करतो. लोक जुनं टिपण (मोजणीची मापं लिहिलेलं शेताचं कच्चं रेखाटन), फाळणी (पोटहिश्श्यांचा नकाशा), गट नकाशा, गुणाकार बुकाची (क्षेत्राचे हिशोब असलेल्या वहीची) नक्कल असं काय काय पिशवीत घालून आणतात आणि विचारतात की साहेब हे मीटरमध्ये किती. पूर्वी हे विचारायला यायचे. आता येताना मीटर काढूनच आणतात, मोबाईलमधून, आणि नव्वद टक्के वेळा मोबाईलनं तीच ६६ फुटाची साखळी धरलेली असते कारण जगभरच्या कन्व्हर्टरमध्ये चेन म्हणजे तीच.

तर ही दोन साखळ्यांची भानगड नीट सांगतो.

६६ फुटाची साखळी ही एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाची, सन १६२० ची. तिला १०० कड्या. १० साखळ्यांचा फर्लांग, ८० साखळ्यांचा मैल, आणि १० चौरस साखळ्यांचा एकर, असा तो सगळा इंग्रजी हिशोब छान बसवलेला आहे. क्रिकेटचं पिच २२ यार्डाचं असतं ते म्हणजे बरोबर एक गंटर साखळी. पण आपल्या मुंबई इलाख्यात इंग्रजांनी जमिनीची मोजणी केली, १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत बसवली आणि पुढे सगळ्या इलाख्यात पसरली, त्या मोजणीतली साखळी ३३ फुटाची. म्हणजे अर्धं पिच. आणि तिला १०० कड्या नाहीत, तिचे भाग १६, प्रत्येक भागाला म्हणायचं आणा. रुपयाचे सोळा आणे तसे साखळीचे सोळा आणे, त्यामुळे गावच्या माणसालाही हिशोब तोंडी कळायचा. एक आणा म्हणजे २ फूट आणि पाऊण इंच, मीटरमध्ये जवळजवळ ६३ सेंटिमीटर. अख्खी साखळी १०.०६ मीटर.

३३ च का, तर त्यात खरी हुशारी आहे आणि ती मला अजूनही आवडते. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा. आणि ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, बरोबर एक एकर. म्हणजे मोजणीदारानं बांधावर उभं राहून साखळ्या मोजल्या, लांबी गुणिले रुंदी केली, की उत्तर थेट गुंठ्यात. मधे फूट नाही, यार्ड नाही, भागाकार नाही. एक साखळी लांब आणि एक आणा रुंद पट्टी म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग, त्यालाही आणाच म्हणायचं, म्हणून जुन्या कागदावर क्षेत्र "१४ गुंठे ७ आणे" असं दिसतं. कोष्टकाची गरजच पडू नये म्हणून बनवलेलं माप आहे हे, आणि आपण त्याला चुकीच्या कोष्टकात कोंबतो.

टिपणावर कसं असतं बघा. शेताच्या मधून एक लांब रेघ टाकलेली असते, तिला पाया म्हणतात, आणि त्या पायावर काटकोनात दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपर्यंत लंब टाकलेले असतात, म्हणजे सगळं शेत त्रिकोणात आणि पट्ट्यांत तुटतं. समजा एका त्रिकोणाचा पाया ८ साखळ्या ४ आणे आणि लंब ३ साखळ्या ८ आणे आहे. ४ आणे म्हणजे पाव साखळी, ८ आणे म्हणजे अर्धी. सव्वाआठ गुणिले साडेतीन, त्याचं निम्मं, आलं १४.४३७५, म्हणजे १४ गुंठे ७ आणे. कागदावर दोन ओळींत होतं. हेच मीटरमध्ये करायचं तर पाया ८२.९८ मीटर, लंब ३५.२० मीटर, क्षेत्र १४६०.६६ चौरस मीटर, म्हणजे १४.६१ आर (१ आर म्हणजे १०० चौरस मीटर). आता तुमच्या कोष्टकाप्रमाणे ६६ फुटाची साखळी घाला, तोच त्रिकोण पावणेअठ्ठावन्न गुंठ्यांचा होतो, एक एकर पावणेअठरा गुंठे. पंधरा गुंठ्यांच्या तुकड्याचा दीड एकर होतो कागदावर बसल्या बसल्या.

असा प्रकार प्रत्यक्ष घडतो म्हणून सांगतो. आमच्या भागातल्या एका घरात दोन चुलतभाऊ, मधे सामाईक बांध, टिपणावर बांधाची लांबी ६ साखळ्या ४ आणे. एकाचा मुलगा पुण्याला नोकरीला, शिकलेला पोरगा, त्यानं मोबाईलवर टाकलं तर आलं १२५.७ मीटर. सुट्टीत गावी येऊन टेप धरला तर जागेवर बांध भरला त्रेसष्ट मीटरच्या आत. झालं, पोरानं सरळ बापाला सांगितलं की काकानं निम्मा बांध नांगरून खाल्लाय. दोन घरांचं येणंजाणं बंद, पोळ्याला बैल वेगवेगळे निघाले, वकिलाकडे फेऱ्या सुरू झाल्या, आणि बांध तर जागच्या जागी होता, सव्वासहा साखळ्या गुणिले ३३ म्हणजे २०६ फूट ३ इंच, ६२.८७ मीटर, चार बोटं पण कमी नाही. माझ्याकडे ती केस आली तेव्हा मी फक्त टिपणातले सगळे त्रिकोण गुणाकार करून बेरीज घातली आणि सातबाऱ्याच्या क्षेत्राशेजारी ठेवली. ३३ धरलं तर जुळतं, ६६ धरलं तर चार पट. दोघा भावांच्या समोर केलं सगळं. त्या पोराला दोष देऊ नये असं मला मनापासून वाटतं, त्यानं जे छापलेलं होतं तेच वापरलं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की साखळी दोन प्रकारची असते.

आणि हीच परीक्षा प्रत्येकानं घरी करावी. टिपणावरून क्षेत्र काढायचं, ते सातबाऱ्यावरच्या एकूण क्षेत्राशी ताडून बघायचं, आणि एकूण म्हणजे लागवडीलायक अधिक पोटखराबा (लागवडीला न येणारी जागा) दोन्ही धरून, कारण टिपण सगळ्या शेताचं असतं आणि नुसतं लागवडीलायक घेतलं तर परत घोळ होतो. थोडाफार फरक राहील, तो राहू दे, तो मोजणीचाच असतो. पण दुपटी-चौपटीचा फरक आला की समजायचं साखळी चुकली.

दांड्यांचंही सांगितलं पाहिजे. जुन्या हातानं लिहिलेल्या कागदांवर पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या दांड्यांनी लिहायची पद्धत होती, एक दांडी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. सव्वाआठ लिहायचं तर आठ आणि पुढे एक दांडी. आजची पोरं ती दांडी इंग्रजी एक म्हणून वाचतात, सव्वाआठचे एक्क्याऐंशी करतात, आणि साडेआठचे तर आठशे अकरा. आता जुने अभिलेख स्कॅन होऊन ऑनलाइन मिळायला लागलेत ही फार चांगली गोष्ट आहे, हेलपाटे वाचले, पण कागद घरपोच आला आणि वाचणारा म्हातारा तलाठी काही कागदाबरोबर येत नाही, त्यामुळे ही अडचण वाढतच जाणार.

साखळ्यांचे आणखी दोन प्रकार आहेत तेही या निमित्तानं लक्षात असू द्या. १०० फुटाची इंजिनिअरांची साखळी वेगळी, आणि पॉलिटेक्निकात पोरं शिकतात त्या २० मीटर आणि ३० मीटरच्या मेट्रिक साखळ्या वेगळ्या. यातली २० मीटरची फसवी कारण ती ६६ फुटाच्या अगदी जवळ येते, त्यामुळे डिप्लोमा झालेला मुलगासुद्धा साखळी म्हणजे साधारण वीस मीटर असंच डोक्यात घेऊन फिरतो आणि ऑनलाइन कन्व्हर्टरनं तेच सांगितलं की त्याची खात्रीच पटते.

तुमच्या कोष्टकातली दुसरी ओळ ज्यानं लोकांचं नुकसान होतं ती म्हणजे "१ गुंठा = १ आर". हे सगळेच म्हणतात, बोलताना मीही म्हणतो, पण छापताना म्हणू नये. आर म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, १०० चौरस मीटर, फुटात १०७६.४. गुंठा १०८९ फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. फरक एका गुंठ्याला साडेबारा फुटाचा, एक चटई अंथरायची जागा, कुणी म्हणेल सोडून द्या. पण एकराला हा फरक ४७ चौरस मीटरवर जातो, पाचशे फूट होतात, आणि दहा एकराला साडेचार गुंठ्यांच्या वर. सातबाऱ्यावर आता क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं येतं, एक एकर म्हणजे ०.४०.४७ असं दिसायला पाहिजे. लोक वाटणीपत्रात सरळ ०.४०.०० लिहितात कारण चाळीस गुंठे म्हणजे चाळीस आर असं डोक्यात बसलंय. चार भावांत चार एकर अशा पद्धतीनं वाटली की पावणेदोन गुंठ्यांहून थोडे जास्तच कुणाच्याच नावावर बसत नाहीत, आणि ते कुठे गेले म्हणून वीस वर्षांनी नातवंडं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. शहराच्या कडेला जिथे गुंठ्याचा भाव लाखांत बोलला जातो तिथे तर हे साडेबारा फूटसुद्धा पैशात मोजता येतात. बोलणी गुंठ्याची, दस्त आरचा, असं झालं तर घेणाऱ्यानं विचारलं पाहिजे की माझे १०८९ कुठेत. आणि तुकडेबंदीच्या बातम्या येतात त्यात एकाच बातमीत वर आर आणि खाली गुंठे असं छापलेलं मी तुमच्याच नाही, सगळ्याच पेपरात वाचलंय. एक हेक्टर म्हणजे १०० आर पण ९८.८४ गुंठे, एवढं जरी चौकटीत टाकलंत तरी पुष्कळ होईल.

गजाचं बघा. तुम्ही गज म्हणजे ३ फूट दिलाय. आज दिल्लीला किंवा हैदराबादेत प्लॉट घेताना गज म्हणतात तो ३ फुटाचाच, म्हणजे चौरस गज ९ चौरस फुटाचा, आणि तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांना हे रोजचंच आहे, १२१ चौरस गजाचा गुंठा असं ते पटकन सांगतात. पण मुंबई इलाख्यातला जुना गज २७ इंचाचा होता, २४ तसूंचा, आणि उत्तरेत जमिनीच्या मोजणीसाठी धरलेला इलाही गज ३३ इंचाचा. तो ३३ इंचाचा गज साठ बाय साठ धरला की २७,२२५ चौरस फूट होतात, तो उत्तर प्रदेशातला पक्का बिघा, आणि बंगालचा बिघा १४,४०० फुटाचा. म्हणून कोष्टकात "१ बिघा = इतके फूट" अशी एकच ओळ टाकणं म्हणजे वाचणारा कुठल्या राज्यात बसलाय त्यावर सगळं सोडून देणं आहे.

वार आपल्याकडे ३६ इंचाचा, त्यात गोंधळ नाही, ०.९१४४ मीटर. इथे लोक फक्त वार नि मीटर एकच धरतात. नऊवारी म्हणजे ८.२३ मीटर, नऊ मीटर नाही, आणि सहावारी साडेपाचच्या आतबाहेर. आमच्या आईच्या पिढीच्या बायका अठरा हाती लुगडं म्हणायच्या ते पण बरोबर, दोन हातांचा वार. दुकानदार आता सगळं मीटरवर सांगतात, घेणारीनं सव्वाआठ मीटर आहे का एवढं विचारलं की पुरे.

बांधकामावर अजून एक जुनं माप जिवंत आहे, ते तुमच्या कोष्टकात नव्हतंच, सूत. इंचाचे आठ सूत. साइटवर मिस्त्री सळई सुतातच सांगतो, दोन सुती, तीन सुती, चार सुती, आणि दुकानात मिळते मिलिमीटरमध्ये, ६, ८, १०, १२, १६. तीन सूत म्हणजे ९.५ मिलिमीटर, दुकानदार १० ची देतो, म्हणजे थोडी जाडच मिळाली, ठीक. पण चार सूत म्हणजे १२.७ आणि त्या नावानं मिळते १२ ची. ०.७ मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण सळईचं वजन व्यासाच्या वर्गावर चालतं, मिलिमीटरचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो, हे साइटवर सगळ्यांना पाठ असतं. १२.७ ला येतं ०.९९६ किलो आणि १२ ला ०.८८९. दहा टक्क्यांहून जास्त लोखंड कमी. इंजिनिअरचं डिझाइन असेल तर तो १२ धरूनच करतो, काही बिघडत नाही. पण गावाकडे किती घरं डिझाइनवर बांधली जातात हो, जुना मिस्त्री म्हणतो माझ्या गुरूनं एवढ्या गाळ्याला चार सुताच्या चार टाकल्या होत्या, मीही चारच टाकतो, आणि गुरूच्या काळची सळई खरोखर अर्ध्या इंचाची असेल तर हा शिष्य प्रत्येक बीममध्ये लोखंड कमी घालतोय आणि त्याला पत्ताच नाही. "चाळीस फुटी" सळईही तशीच, ती खरी १२ मीटरची, चाळीस फुटाला वीतभर कमी. कटिंग करताना चाळीस धरून हिशोब लावला की शेवटचा तुकडा अपुरा पडतो आणि मग जोड नको तिथे येतो.

कोसाबद्दल तुम्ही ३.२ किलोमीटर दिलंय. गावात कोस म्हणजे दोन मैल असं धरतात त्यावरून ते बरोबर आहे. पण त्याच कोष्टकात तुम्ही हात १८ इंचाचा दिलाय आणि खाली "४ हात = १ दंड, २००० दंड = १ कोस" हेही दिलंय, जे भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं आहे, सन ११५० चं. मग गुणाकार करा, ८००० हात गुणिले १८ इंच म्हणजे १२,००० फूट, ३.६६ किलोमीटर येतं, ३.२ नाही. दोन्ही ओळी एका पानावर, चार बोटांच्या अंतरावर, आणि एकमेकींशी जुळत नाहीत. शाळेतल्या मुलानं पडताळून बघितलं तर तो काय समजेल? एक तर लिहा की हा ग्रंथातला कोस आणि हा गावचा कोस, नाहीतर एकच द्या.

हाताचंही तसंच आहे. लीलावतीत हात २४ अंगुळांचा. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या काळच्या मोजणीची काठी दिलीये, पाच हात पाच मुठींची, आणि तिथे हात १४ तसूंचा सांगितलाय आणि पुरी काठी ८२ तसूंची. वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा आणि १२० बिघे म्हणजे एक चावर. तिथे हाताची लांबी तसूत बांधून दिलीय, म्हणजे त्या काळच्या माणसांनासुद्धा हे ठाऊक होतं की नुसतं हात म्हटल्यानं भागत नाही, कुणाचा हात, केवढा हात ते लिहून ठेवलं पाहिजे. तुमच्या कोष्टकात काठी म्हणून थेट मीटर दिलेत आणि ते बहुतेक पाच हात गुणिले १८ इंच असे काढलेत, मुठी गायबच आहेत. ज्यांना आपल्या गावच्या जुन्या इनामाचं क्षेत्र चावर-बिघ्यात सापडतं, आणि असे हौशी लोक आता खूप आहेत, मोडी शिकतात, कागद लावतात, त्यांची फार मोठी फसगत होईल. काठी जेवढी चुकली त्याच्या वर्गानं बिघा चुकतो.

देशात मीटर येऊन किती वर्षं झाली, १९५६ चा कायदा, १९५८ च्या ऑक्टोबरपासून अंमल सुरू, १९६२ च्या एप्रिलपासून तेवढंच चालेल असं ठरलं. जाहिरातीत आणि व्यवहारात प्रमाणित एककंच वापरायची असं २००९ च्या वैध मापन कायद्यातही आहे. माझा मीटरला काडीइतका विरोध नाही, माझ्या यंत्रावर सगळं मीटरमध्येच येतं, रोव्हर (उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र) घेऊन शेताच्या कोपऱ्यावर उभं राहिलं की दोन मिनिटांत अक्षांश-रेखांशासकट बिंदू पकडतो. पण तो बिंदू ज्या हद्दीशी ताडून बघायचा ती हद्द शंभर-दीडशे वर्षांपूर्वी साखळी-आण्यात मोजलेली आहे, मूळ पुरावा तोच आहे, कोर्टातही शेवटी टिपणच काढायला सांगतात. यंत्र कितीही भारी आणा, टिपणातल्या सव्वासहाचं मीटर चुकीच्या साखळीनं काढलं तर चुकीचा खांब अगदी अचूक ठिकाणी रोवला जाईल.

म्हणून दोन मागण्या आहेत, एक तुमच्याकडे आणि एक तुमच्यामार्फत सरकारकडे.

तुमच्याकडे अशी की हे कोष्टक दुरुस्त करून परत छापा, आणि तेवढ्याच मोठ्या जागेत, कोपऱ्यात दोन ओळींचा खुलासा देऊन भागणार नाही कारण जुनं कोष्टक लोकांच्या मोबाईलमध्ये आधीच गेलंय. साखळीसमोर लिहा "मुंबई इलाख्यातील जुनी जमीन मोजणी: ३३ फूट, १६ आणे, १०.०६ मीटर" आणि तिच्याखाली "इंग्लिश गंटर: ६६ फूट". गुंठ्यासमोर १०८९ चौरस फूट आणि १०१.१७ चौरस मीटर, आर वेगळ्या ओळीत. गजासमोर कुठला गज. बिघ्यासमोर कुठला प्रांत. कोष्टक लांबेल, दिसायला तेवढं सुबक राहणार नाही, चालेल.

सरकारकडे अशी की भूमी अभिलेखच्या कार्यालयातून टिपणाची, फाळणीची, गुणाकार बुकाची नक्कल देताना, मग ती हातानं दिलेली असो की ऑनलाइन उतरवून घेतलेली, तिच्यावर एक शिक्का असावा: "या नकलेतील मापे साखळी व आण्यात आहेत. १ साखळी = १६ आणे = ३३ फूट = १०.०६ मीटर". एका रबरी शिक्क्याचा खर्च आणि ऑनलाइनला तर तोही नाही, तळाला एक ओळ छापायची. तीच नक्कल घेऊन लोक वकिलाकडे जातात, खाजगी मोजणीवाल्याकडे जातात, भावकीच्या बैठकीत मांडतात, तेव्हा कागदावरच माप लिहिलेलं असेल तर वाद सुरू व्हायच्या आधी मिटेल. शक्य झालं तर दांड्यांचा अर्थही त्याच शिक्क्यात द्यावा, पाव, अर्धा, पाऊण, जागा फार लागत नाही.

कोष्टक परत छापणार असाल आणि छपाईच्या आधी कुणाकडून तपासून हवं असेल तर जिल्ह्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातल्या कुणाही जुन्या भूकरमापकाला दाखवा, साखळीची ओळ तो चष्मा न लावता दुरुस्त करून देईल. गज-काठीसाठी मात्र इतिहासवाल्या माणसाला गाठावं लागेल.

आपला नियमित वाचक,
जि. सातारा